तुकडा कोणत्या सामन्याचा, हे कार्डावर लिहिलेले हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) पॉल स्कीन्स याचे एक कार्ड, म्हणजे चाहते जमवतात ते खेळाडूचे चित्र असलेले कार्ड, मार्च २०२५ मध्ये लिलावात ११ लाख १० हजार डॉलरना विकले गेले. लॉस एंजेलिस परिसरातल्या अकरा वर्षांच्या मुलाला २०२४ च्या नाताळात मिळालेल्या पाकिटातून ते निघाले होते. ही हकिकत कानावर येते ती लॉटरी लागल्याच्या थाटात, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात एवढेच राहते की पुठ्ठ्याच्या एका चौकोनाला साडेनऊ कोटी रुपयांच्या घरात किंमत आली. त्या कार्डात पुठ्ठ्याखेरीज आणखी काय होते आणि त्यामुळेच ही किंमत कशी आली, हे फारसे कोणी सांगत नाही. अमेरिकेत राहून बरीच वर्षे अशी कार्डे जमवणारा एक मराठी वाचक या नात्याने ते सांगावे, आणि या छंदात रुजलेल्या दोन वाईट प्रथांकडे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात आपल्या मराठी कुटुंबांतली अनेक मुले शाळेच्या वयापासून बेसबॉल खेळतात, वाढदिवसाला कार्डांची पाकिटे मागतात आणि सुट्टीत आली की ती कार्डे मामा-काकांना दाखवतात. त्यामुळे हा विषय मराठी घरांना अगदीच परका राहिलेला नाही.

स्कीन्स मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेतला, आपला पहिला सामना ११ मे २०२४ रोजी खेळला. २०२३ च्या हंगामापासून पदार्पण करणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या बाहीवर त्या एका सामन्यापुरता एक खास कापडी पॅच लावतात. सामना संपल्यावर तो पॅच उसवून काढला जातो, लीगच्या दप्तरी त्याची नोंद होते, पुढे तो टॉप्स या कार्डे छापणाऱ्या कंपनीकडे जातो आणि एका कार्डात बसवून त्यावर खेळाडूची सही घेतली जाते. असे कार्ड जगात एकच असते. त्यातले कापड कोणाच्या अंगावर होते, कोणत्या दिवशी होते, कोणत्या मैदानावर होते आणि तिथून ते कार्डापर्यंत कोणाच्या हातून आले, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देता येते. किंमत या उत्तरांची आहे. शोहेई ओहतानी या जपानी बेसबॉलपटूने १९ सप्टेंबर २०२४ रोजी मायामीत एकाच हंगामात पन्नास होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) आणि पन्नास बेसचोऱ्या (फटका नसतानाच पुढचा बेस, म्हणजे धावेतला टप्पा, पळून गाठणे) यांचा टप्पा गाठला. त्या दिवशी त्याने घातलेल्या पँटवरचे लीगचे चिन्ह असलेल्या सहीच्या कार्डालाही दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली, आणि तीही याच कारणाने.

आता नेहमीच्या जर्सी कार्डाकडे पाहू, कारण मुलांच्या हातात पडते ते हेच. हे कार्ड साध्या कार्डापेक्षा कितीतरी जाड असते, मधोमध बोटाच्या पेराएवढी चौकोनी खिडकी असते आणि खिडकीत कापडाचा तुकडा चिकटवलेला असतो. बोट फिरवले की हल्लीच्या पॉलिस्टरच्या जाळीची बारीक भोके लागतात. जुन्या खेळाडूंच्या कार्डात लोकरीच्या फ्लॅनेलचा किंचित खरखरीत स्पर्श होतो. तुकडा नुसता पांढरा किंवा करडा असेल तर जमवणारे त्याला फारसे मोल देत नाहीत. त्यात शिवण, अक्षराची कड किंवा दोन-तीन रंग आले की तो पॅच ठरतो आणि भाव चढतो, आणि लीगचे चिन्हच सापडले तर त्याला लोगोमॅन म्हणतात, ज्याच्यासाठी लोक वर्षानुवर्षे पाकिटे फोडत राहतात. रंगाला एवढा भाव असल्यामुळेच साधा तुकडा काढून तिथे रंगीत पॅच चिकटवण्याची लबाडीही बाजारात आहे. ही कार्डे नवी होती तेव्हा दुकानात काही जण पाकिटे बोटांनी दाबून जाड कार्ड हुडकून काढत, म्हणून कंपन्या मुद्दाम कोरे जाड पुठ्ठे इतर पाकिटांत घालू लागल्या.

हा प्रकार फार जुना नाही. १९९६ मध्ये प्रेस पास या कंपनीने मोटार शर्यतींच्या कार्डात शर्यतीत वापरलेल्या टायरचे तुकडे घातले, आणि १९९७ मध्ये अपर डेक कंपनीने बेसबॉलमध्ये केन ग्रिफी ज्युनियर, टोनी ग्विन आणि रे ओर्डोनेझ अशा तिघांच्या जर्सीचे तुकडे असलेली तीन कार्डे काढली. सरासरी ८०० पाकिटांमागे एक कार्ड निघे. त्या कार्डांच्या मागे कंपनीने ग्राहकाला उद्देशून सरळ लिहिले होते की पुढच्या बाजूला या खेळाडूने अधिकृत सामन्यात घातलेल्या जर्सीचा तुकडा आहे. सामन्याची तारीख तेव्हाही नव्हती, पण खेळाडू, सामना आणि कापड या तिन्ही गोष्टी एका वाक्यात बांधलेल्या होत्या आणि त्या वाक्याखाली कंपनी उभी होती. ग्विन वीस हंगाम एकाच सॅन दिएगो संघाकडून खेळला. त्याच्या अंगावरच्या कापडाचा चिमूटभर अंश आपल्या हातात आहे, ही जाणीव त्या काळी चाहत्यांना किती मोठी वाटली असेल याची कल्पना आजही ते कार्ड हातात घेतले की येते.

पुढे मात्र मागणी अशी वाढली की २००१ मध्ये एका संचाच्या प्रत्येक पाकिटात बॅटच्या तुकड्याचे एक कार्ड मिळू लागले. ८०० पाकिटांमागे एक आणि दर पाकिटाला एक या दोन टोकांमध्ये अवघी चार वर्षे आहेत. एवढ्या कार्डांना पुरेल एवढे कापड आणि लाकूड कुठून आणायचे, हा प्रश्न कंपन्यांपुढे उभा राहिला आणि त्यांनी ते मध्यस्थ विक्रेत्यांकडून विकत घेतले. पुढे काय झाले ते अमेरिकेच्या न्यायालयांच्या कागदपत्रांत आहे. २०११-१२ च्या सुमारास इलिनॉय राज्यातील केंद्रीय सरकारी वकिलांनी काही विक्रेत्यांवर खटले भरले. आरोप असा होता की या मंडळींनी साध्या जर्सी विकत घेतल्या, त्या सामन्यात वापरल्यासारख्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर हात फिरवला आणि खेळाडूने घातलेल्या म्हणून त्या विकल्या. त्यांतल्या कित्येक कार्ड कंपन्यांकडे गेल्या. काहींनी गुन्हा कबूल केला. त्या जर्सींचे तुकडे ज्या कार्डांत गेले ती कार्डे आज कोणाकोणाच्या पेटीत आहेत हे कोणालाही सांगता येणार नाही, कारण तुकड्याकडे पाहून तो खरा की खोटा हे ठरवण्याचे कसलेच साधन उरत नाही.

या प्रकरणानंतर कंपन्यांनी प्रत्येक तुकड्याची नोंद अधिक नेटाने ठेवायला हवी होती, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. बहुसंख्य कार्डांच्या बाबतीत घडले ते उलट. मी पालकांना नेहमी सांगतो की कार्डाची पुढची बाजू पाहून झाली की ते उलटे करा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. कित्येक कार्डांवर असे लिहिलेले आढळते की आतला तुकडा कोणत्याही विशिष्ट सामन्यातला, प्रसंगातला किंवा हंगामातला नाही. काही कार्डांवर त्याच्याही पुढची पायरी असते: आतले अधिकृत परवान्याचे कापड कोणत्याही विशिष्ट खेळाडूशी, सामन्याशी किंवा प्रसंगाशी संबंधित नाही. पुढच्या बाजूला खेळाडूचा फोटो, त्याचे नाव, कधी कधी त्याची सही, मधोमध कापडाची खिडकी, आणि मागे मात्र हे कापड त्याचे आहे असे आम्ही म्हणत नाही, अशी लेखी कबुली. या दोहोंच्या मध्ये आणखी एक पायरी आहे: खेळाडूने घातलेली, पण सामन्यात नाही. नव्या खेळाडूंना फोटोसाठी एकत्र बोलावतात, एकामागून एक जर्सी काही क्षणांसाठी त्यांच्या अंगावर चढवतात आणि त्या कापायला पाठवतात. कायद्याने यात खोटे काही नाही. पण दहा वर्षांचा मुलगा खिडकीवर बोट ठेवून हे या खेळाडूच्या घामाचे कापड आहे असे आपल्या आजोबांना सांगतो तेव्हा त्याची समजूत पुढच्या बाजूने करून दिलेली असते आणि मागच्या बाजूने काढून घेतलेली असते, हे मला ग्राहकाशी सरळ वागणे वाटत नाही.

नोंद ठेवणे अवघड आहे म्हणून असे होते, हा युक्तिवाद पटण्यासारखा नाही, कारण नोंद ठेवण्याची उत्तम व्यवस्था याच खेळात उभी आहे. नव्वदीच्या दशकात खोट्या सह्यांचा सुळसुळाट झाला होता. खुद्द टोनी ग्विनला आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या बनावट सह्यांच्या वस्तू दिसल्या होत्या. अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, एफबीआयने, या टोळ्यांवर कारवाई केली आणि पाठोपाठ २००१ मध्ये मेजर लीगने स्वतःची प्रमाणन योजना सुरू केली. आज प्रत्येक सामन्याला लीगचा प्रमाणक मैदानाच्या कडेला बसतो. या कामावर बहुधा आजी-माजी पोलिस असतात, कारण पुरावा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याची नोंद तुटू द्यायची नाही ही सवय त्यांना असते. चेंडू, बॅट, जर्सी, बेस, जे काही त्याच्या डोळ्यांदेखत वापरले गेले त्यावर तो होलोग्रामचे चिकटपत्र लावतो, जे काढू पाहिले तर फाटते. त्यावरचा क्रमांक लीगच्या नोंदीत टाकला की ती वस्तू कोणत्या सामन्यातली ते कोणालाही पाहता येते. ज्याने डोळ्यांनी पाहिले नाही त्याने प्रमाणित करायचे नाही, एवढा साधा नियम आहे. स्कीन्सचा पॅच याच वाटेने कार्डात गेला. म्हणजे हवे तिथे कंपनीला तारीख छापता येते. बाकीच्या कार्डांत ती छापत नाही याचा अर्थ, माझ्या मते, एवढाच की तारीख नसतानाही ती कार्डे खपतात.

इथवर ग्राहकाच्या फसगतीचा भाग झाला. दुसरी प्रथा मला याहून गंभीर वाटते, कारण तिच्यात झालेले नुकसान भरून येत नाही.

१९९९ मध्ये अपर डेकने बेब रूथने वापरलेली एक बॅट २३ हजार डॉलरना विकत घेतली आणि तिचे बारीक काप करून काही शे कार्डांत घातले. रूथ १९१४ ते १९३५ या काळात खेळला, त्याने ७१४ होमरन मारले आणि बेसबॉलमध्ये त्याचे स्थान काय आहे ते मराठी वाचकाला सांगायला आपल्याकडच्या कोणत्याही एका खेळाडूचे नाव पुरे पडणार नाही. त्या बॅटच्या चिरफळीकडे आज पाहिले तर खिडकीत लाकडाची दोन-तीन रेषांची एक चपटी ढलपी दिसते, आणि शेजारी रूथचे चित्र. लाकूड खरे आहे असे आपण मानतो, कारण कंपनी तसे म्हणते. पण अखंड बॅट कोणाच्याही म्हणण्यावर अवलंबून नसते. लुइव्हिल शहरातल्या हिलरिक अँड ब्रॅड्स्बी कारखान्याच्या दप्तरात कोणत्या खेळाडूला कोणत्या लांबीच्या आणि वजनाच्या बॅटी पाठवल्या याच्या नोंदी आहेत, आणि बॅटवर ठोकलेला छाप दर काही वर्षांनी बदलत गेल्यामुळे छापावरून ती कोणत्या वर्षांतली ते ठरवता येते. एखाद्या खेळाडूला मोडलेल्या बॅटीसारखीच दुसरी हवी असली की तो ती कारखान्यात परत पाठवत असे, आणि तिथे आलेल्या बॅटीवर कारागीर खेळाडूचे नाव आणि तारीख लिहून ठेवत. अशा हस्ताक्षराची बॅट मिळाली तर तज्ज्ञांना ती खुद्द खेळाडूच्या हातची असल्याचा मोठा आधार मिळतो. शिवाय चेंडूच्या शिवणीचे ठसे बॅटच्या कोणत्या बाजूला उमटलेत, मूठ कुठे झिजली आहे, बुटाचे खिळे झाडताना लाकडावर खाचा कुठे पडल्या आहेत, यांवरून धरणारा माणूस कसा उभा राहत होता हे वाचता येते. बॅटचे काप केले की वजन गेले, लांबी गेली, छाप एखाद-दुसऱ्या तुकड्यात तुटून गेला आणि ठसे भुसा झाले. ज्या पुराव्यामुळे ते लाकूड रूथचे ठरले तो पुरावाच कापण्याच्या कामात नष्ट होतो आणि त्याच्या जागी कार्डाच्या मागचे एक छापील वाक्य येते.

२००३ मध्ये डॉनरस कंपनीने रूथची १९२५ च्या सुमाराची न्यू यॉर्क यांकीज या त्याच्या संघाची जर्सी २ लाख ६४ हजार २१० डॉलरना घेतली आणि तिचे सुमारे २१०० तुकडे करण्याचे जाहीर केले. तेव्हा रूथच्या जर्सी जगात मोजक्याच उरल्याचे मानले जात होते. चाहत्यांनी विरोध केला, वर्तमानपत्रांत लिहून आले, पण मालकी कंपनीची होती आणि जर्सी कापली गेली. आता शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या विजेतेपदाच्या मालिकेत, शिकागोच्या मैदानावर रूथने प्रेक्षकांकडे हात करून होमरन मारल्याची जी कथा आहे, त्या सामन्यातली म्हणून मानली जाणारी जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली होती आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिलाच २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलर मिळाले. मधल्या काळात त्या सामन्याच्या जुन्या छायाचित्रांशी ती जर्सी ताडून पाहण्यात आली: अक्षरे कोणत्या जागी आणि किती कलती शिवली आहेत, गुंड्यांच्या पट्टीशी त्यांचे अंतर किती, हातशिवणीतली एखादी विसंगती छायाचित्रातही तशीच दिसते का. हे ताडण्याचे तंत्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार पुढे गेले आहे. त्याचे निष्कर्ष कोणाला मान्य असोत वा नसोत, त्यांवर वाद घालायलासुद्धा जर्सी अखंड लागते. २१०० तुकड्यांत गेलेल्या १९२५ च्या जर्सीला असा प्रश्न विचारण्याची सोयच आता उरलेली नाही. ती कोणत्या सामन्यात घातली होती, हे कदाचित आज कळले असते.

तुकडे करणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, अखंड जर्सी एका धनिकाच्या कपाटात जाऊन पडते. त्याऐवजी दोन हजार सामान्य चाहत्यांच्या घरी तिचा एकेक अंश गेला तर काय बिघडले? कूपरस्टाउनचे हॉल ऑफ फेम हे बेसबॉलचे संग्रहालय वस्तू विकत घेत नाही, ते दानावर चालते, त्यामुळे लिलावातली जर्सी संग्रहालयात जाईल याची कसलीच खात्री नसते, हेही खरे. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांकडे रूथच्या बॅटचे ते कार्ड आहे आणि ते दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येते त्याचा अनादर करण्याची माझी इच्छा नाही. पण दोन हजार जणांच्या वाट्याला हा प्रसाद येतो तेव्हा मागे मूर्ती शिल्लक राहत नाही, हे विसरून चालत नाही. धनिकाच्या कपाटातली जर्सी तीस वर्षांनी बाहेर येऊ शकते, प्रदर्शनात मांडली जाऊ शकते, दान होऊ शकते. तुकड्यांची जर्सी कधीच होत नाही. शिवाय सामान्य चाहत्याला वाटा द्यायचाच असेल तर त्यासाठी आजच्या खेळाडूंचे कापड हवे तेवढे आहे. एका हंगामात एक संघ १६२ सामने खेळतो. प्रमाणकाची नोंद असलेली, या वर्षी या तारखेला वापरलेली जर्सी कापून पन्नास कार्डे केली तर इतिहासाचे काहीही हरवत नाही आणि पन्नास घरांत खराखुरा आनंद जातो. अशा कार्डांना माझा विरोध नाही. माझ्याकडची मला सर्वांत प्रिय कार्डे तीच आहेत. विरोध आहे तो ज्याची दुसरी प्रत मिळणार नाही अशा वस्तूवर कात्री चालवण्याला.

इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. क्रिकेटमध्येही जर्सीच्या आणि बॅटच्या तुकड्यांची कार्डे निघू लागली आहेत, आणि क्रिकेटवरचे आपले प्रेम पाहता हा बाजार आपल्याकडे मोठा होणार यात मला शंका नाही. विजय मर्चंट, विजय हजारे, पॉली उमरीगर यांच्या पिढीच्या बॅटी, टोप्या, स्वेटर अजून कुठल्या ना कुठल्या घरात, जिमखान्याच्या कपाटात, एखाद्या जुन्या क्लबच्या भिंतीवर असणार. त्यांची पद्धतशीर नोंद नाही, त्यामुळे लिलावात त्यांना आज अखंड वस्तूचा जो भाव मिळेल त्याहून तुकड्यांचा हिशेब जास्त भरेल अशी वेळ यायला फार काळ लागणार नाही. रूथच्या बॅटचे नेमके हेच झाले. पुण्यात सहकारनगरला 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेट संग्रहालय आहे. तिथे बॅटी अखंड मांडलेल्या आहेत आणि शाळेतल्या मुलाला पाती जवळून पाहता येतात, कोणाची बॅट किती जाड होती, कोणाची कुठे झिजली ते समजते. ज्यांच्या घरी अशा वस्तू आहेत त्यांनी त्या देण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी घेणारा त्यांचे काय करणार आहे हे लेखी विचारावे, निदान त्यांची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून, कोणाकडून आणि कधी मिळाली याची टिपणे करून ठेवावीत. मुंबई क्रिकेट असोसिएशन आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन यांनी आपल्या सामन्यांतल्या वस्तूंसाठी प्रमाणकाची पद्धत आतापासून सुरू केली तर पुढे खोट्या वस्तूंशी झगडण्याचे पुष्कळ कष्ट वाचतील. त्यासाठी मोठा खर्च नाही. मैदानावर एक जबाबदार माणूस, क्रमांकाची चिकटपत्रे आणि सर्वांना पाहता येईल अशी नोंदवही एवढे पुरते.

परदेशातल्या मराठी पालकांना माझे सांगणे थोडे वेगळे आहे. मुलांना या छंदापासून तोडू नका. कार्ड जमवताना मुले आकडे वाचायला शिकतात, खेळाचा इतिहास शिकतात, देवघेवीत शब्द पाळायला शिकतात. फक्त जर्सीचे कार्ड घेताना त्यांना मागची बाजू आधी वाचायला लावा. मागे खेळाडूचे नाव आणि सामन्यात वापरल्याचा स्पष्ट उल्लेख असेल तर कार्ड चांगले. तारीख किंवा लीगच्या नोंदीचा क्रमांक असेल तर फारच चांगले, आणि तो क्रमांक मुलाबरोबर बसून तपासून पाहा. कापड कोणत्याही खेळाडूशी संबंधित नाही असे लिहिलेले असेल तर त्या कार्डाला कापडासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. चित्र आवडले तर साध्या कार्डाच्या भावाने जरूर घ्या. दोन-तीन रंगांचा पॅच पाहून भाव चढवून सांगणाऱ्याकडून घेताना खिडकीच्या कडा निरखा: कड उचकटलेली असेल, डिंक बाहेर आला असेल किंवा त्याच कार्डाच्या इतर प्रतींत असा रंग कुठेच दिसत नसेल तर सोडून द्या.

कंपन्यांकडे मागणी एकच आहे आणि ती शेकडो जमवणारे वर्षानुवर्षे करत आहेत: कापड सामन्यातले असेल तर तारीख छापा, नसेल तर ते पुढच्या बाजूला, खिडकीच्या खाली, खेळाडूच्या नावाएवढ्याच अक्षरांत लिहा. २०२२ पासून टॉप्स ही फॅनॅटिक्स समूहाच्या मालकीची आहे आणि मेजर लीगच्या चिन्हांची कार्डे काढण्याचा परवाना त्याच छत्राखाली आहे. म्हणजे लीगची नोंदवही आणि कार्डाचा छापखाना यांच्यात आज पूर्वीइतके हात राहिलेले नाहीत. ठरवले तर पुढच्याच हंगामाच्या संचापासून हा बदल होऊ शकतो. आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर अशा लिलावांच्या बातम्या देताना आकड्याबरोबर त्या कार्डातले कापड कोणत्या सामन्यातले होते आणि ते कोणी प्रमाणित केले, या दोन ओळीही द्याव्यात, अशी माझी विनंती आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी